गावाचा प्रोजेक्टर गावाने सांभाळावा



आज आपण एका यंत्राविषयी बोलणार आहोत. हे यंत्र आता पुष्कळ गावांच्या शाळेत आले आहे. त्याला प्रोजेक्टर म्हणतात. भिंतीवर मोठे चित्र पाडणारी ही पेटी. २०१५ सालापासून आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची लाट आली. पुष्कळ गावांनी त्यासाठी लोकवर्गणी काढली. कोणी शंभर रुपये दिले, कोणी पाचशे दिले. मजुरी करणाऱ्या बायांनी एका दिवसाचा रोज दिला. अशा पैशांतून हे यंत्र आले. म्हणून ते सरकारचे नाही, गुरुजींचे नाही. ते तुमचे आहे.

आम्ही गावोगाव फिरतो. काही शाळांत भिंत उजळलेली दिसते. पोरे डोळे मोठे करून समुद्र पाहत असतात. काही शाळांत प्रोजेक्टर कपाटात असतो. विचारले तर सांगतात, "बिघडलाय."

"कधी बिघडला?"

"झाली की दोन वर्षं."

"काय बिघडलं?"

इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. काय बिघडले ते कोणालाच ठाऊक नसते. कधी वायर सैल असते, कधी जाळीत धूळ बसलेली असते. तेवढ्यासाठी यंत्र कपाटात जाते. मंडळी, चोराने नेलेला प्रोजेक्टर आणि कपाटात पडून राहिलेला प्रोजेक्टर, पोरांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. भिंत अंधारीच राहते. म्हणून आज दोन गोष्टी बघू. यंत्र अडले तर काय करायचे, आणि यंत्र राखायचे कसे.

आधी ते चालते कसे हे समजून घेऊ. ही कल्पना काही नवी नाही. साधारण १८९० नंतर कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने पडद्यावर चित्रांचे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा आणि पुढे भिंग, एवढीच त्याची करामत. आजच्या प्रोजेक्टरमध्येही दिवा आहे आणि भिंगही आहे. काचेवरच्या चित्राच्या जागी संगणकातून आलेले चित्र असते, एवढाच फरक. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात धरा. वीज आली पाहिजे, दिवा लागला पाहिजे, आणि संगणकातून चित्र आले पाहिजे. बिघाड बहुतेक या तिन्हींपैकी एका ठिकाणी असतो.

बैल जागचा हलेना तर आपण लगेच डॉक्टरकडे धावतो का? नाही. आधी खूर बघतो, मान बघतो, चारा खाल्ला का ते बघतो. तसेच इथेही क्रमाने बघायचे.

पहिली तक्रार. यंत्र चालूच होत नाही. आधी वर्गातला दुसरा दिवा लावून बघा. वीज आहे का? मग प्लग नीट बसला आहे का ते बघा. वायरचे दुसरे टोक यंत्रात असते, तेही दाबून बघा. हे टोक पुष्कळदा सैल होते. वीज कमी दाबाने येत असेल, बल्ब मिणमिणत असतील, तर यंत्र लावूच नका. प्लग तीन पायांचा असतो. त्यातला जाड पाय अर्थिंगचा. तो मोडून दोन पायांवर काम भागवू नका. तो माणसाचा जीव वाचवतो.

दुसरी तक्रार. दिवा लागला, पंखा फिरतो, पण भिंतीवर नुसता निळा किंवा काळा पडदा. त्यावर 'नो सिग्नल' अशी इंग्रजी अक्षरे येतात. घाबरू नका. यंत्र सांगते आहे, "मी जागा आहे, पण संगणकाकडून मला काही आले नाही." मग संगणकापासून येणारी केबल बघा. एक केबल चपट्या तोंडाची असते, तिला एचडीएमआय म्हणतात. ती हलक्या धक्क्यानेही सुटते. दुसरी निळ्या तोंडाची, तिला व्हीजीए म्हणतात. तिला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ते हाताने आवळा. ही केबल सैल असली की चित्राचा रंगही जातो, सगळे पिवळे नाहीतर गुलाबी दिसते. केबल ठीक असेल तर रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटण दाबा. यंत्राला चित्र येण्याच्या दोनतीन वाटा असतात. कोणत्या वाटेने चित्र येणार हे त्या बटणाने सांगायचे. तरीही चित्र आले नाही, आणि संगणक विंडोजचा असेल, तर चार खिडक्यांची खूण असलेले बटण दाबून धरा आणि इंग्रजी पी दाबा. जी यादी दिसेल तिच्यातले 'डुप्लिकेट' निवडा.

तिसरी तक्रार. चित्र अंधूक दिसते. आधी भिंगावरचे झाकण काढले आहे का ते बघा. हसू नका, असे होते. मग भिंगाभोवतीची चकती हळूहळू फिरवा, अक्षरे रेखीव होतील. भिंगावर बोटाचा ठसा असेल तर चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने पुसा. पदराने नको, धोतराच्या सोग्याने नको. त्यातल्या धुळीने भिंगावर कायमचे ओरखडे पडतात.

चौथी तक्रार. चित्र सुपासारखे दिसते, एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद. म्हणजे यंत्र भिंतीसमोर सरळ नाही. ते सरळ ठेवा. राहिलेला वाकडेपणा 'कीस्टोन' नावाच्या बटणाने काढा.

पाचवी तक्रार सर्वांत महत्त्वाची. यंत्र पंधरावीस मिनिटे चालते आणि आपोआप बंद पडते. लोक म्हणतात, "मोटार जळली." तसे सहसा नसते. यंत्र तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होते. ती त्याची शहाणी सवय आहे. दोष त्याचा नाही, धुळीचा आहे. फळ्यावरच्या खडूची धूळ, रस्त्याची धूळ, खळ्यावरचा भुसा. हे सगळे यंत्राच्या जाळीत बसते. मग आत हवा जात नाही. तोंडावर घोंगडी घेऊन माणूस उन्हात धावेल काय?

यावर उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा, यंत्र पूर्ण थंड असताना, प्लग काढून, जाळी बाहेर काढा आणि मऊ ब्रशने झाडा. पाण्याने धुवायची का हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा, त्यात असेल तरच धुवा. काही यंत्रांना जाळी नसते. त्यांची हवेची छिद्रे बाहेरून झाडावीत. यंत्राच्या चारही अंगांना वीतभर जागा मोकळी ठेवा. खाली गादी किंवा सतरंजी ठेवू नका.

बंद करण्याचीही रीत आहे. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते? तडकते. जुन्या तऱ्हेच्या प्रोजेक्टरचा दिवाही फार तापतो. म्हणून यंत्राचे बटण दाबून ते बंद करा, आतला पंखा थांबेपर्यंत वाट बघा, आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करा. तोवर यंत्र हलवूही नका. विजा कडाडू लागल्या तर मात्र यंत्र थांबवून प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

आता दिव्याविषयी थोडा हिशेब. जुन्या तऱ्हेचा दिवा साधारण ३ ते ५ हजार तास चालतो. एलईडी आणि लेसरचे दिवे २० हजार तास किंवा त्याहून जास्त चालतात. समजा शाळेत रोज २ तास यंत्र चालले, वर्षाचे २०० दिवस. म्हणजे वर्षाला ४०० तास झाले. ४ हजार तासांचा दिवा या हिशेबाने १० वर्षे पुरतो. तेव्हा दुसऱ्याच वर्षी कोणी म्हणाला, "दिवा गेला, बदलावा लागेल," तर आधी विचारा, "किती तास जळला?" तो आकडा यंत्रातच लिहिलेला असतो. 'मेनू' बटण दाबून यादी उघडली की 'लॅम्प अवर्स' असे दिसते. दिवा लवकरही जातो, तापल्याने जातो. पण आकडा बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

काही गोष्टी मात्र आपण करायच्याच नाहीत. यंत्राची पेटी उघडायची नाही. बंद केल्यावरही आत विजेचा झटका राहू शकतो. दिवा लागला असताना भिंगात डोळा घालायचा नाही, आणि लहान मुलांना घालू द्यायचा नाही. जुन्या तऱ्हेचा दिवा फट्‌कन फुटला तर मुलांना बाहेर काढा, यंत्राचा प्लग काढा, दारेखिडक्या उघडा आणि काही वेळ आत जाऊ नका. त्या दिव्यात पारा असतो, तो विषारी आहे. काचा हाताने उचलू नका, झाडूने उडवू नका. जाड पुठ्ठ्याने गोळा करा. अशा वेळी जाणकार कारागीरच बोलवा.

आता दुसरी गोष्ट, राखण.

यंत्र छताला टांगले असेल तर ते लोखंडी चौकटीत बसवा आणि जोडीला एक साखळी लावा. नट सुटला तरी यंत्र पोरांच्या डोक्यावर पडणार नाही, आणि चोरालाही वेळ लागेल. पुष्कळ यंत्रांच्या अंगावर कुलपाची एक बारीक खाच असते. तिच्यात लावायची तारेची साखळी बाजारात मिळते. यंत्रावर शाळेचे आणि गावाचे नाव कोरून घ्या. रंगाने लिहिलेले पुसता येते, कोरलेले सहसा जात नाही. मात्र कोरायचे ते वरच्या कवचावर, हवेची छिद्रे सोडून. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र उतरवून सुरक्षित जागी ठेवा. ते कोणाच्या ताब्यात दिले याची सहीची चिठ्ठी घ्या. रिमोटमधले सेल काढून ठेवा.

कित्येक यंत्रांना आकड्यांचे कुलूप घालता येते. आकडे सांगितल्याशिवाय यंत्र चालत नाही, म्हणून चोराला ते विकणे अवघड जाते. पण आकडे आपणच विसरलो तर पंचाईत. ते पाकिटात लिहून, पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

चोर दारानेच येतो असे नाही. काही नव्या यंत्रांना वायरशिवाय, मोबाइलवरून चित्र धाडता येते. नव्या यंत्राचा परवलीचा शब्द पुष्कळदा कारखान्यातून सर्वांना एकच ठरलेला असतो. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली गावभर वाटलेली. कोणी टवाळखोर बाहेर बसून वर्गातल्या भिंतीवर भलतेच चित्र पाडू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी तो शब्द बदला. वायरशिवाय काम नसेल तर ती सोय बंदच ठेवा. कोणाचाही पेनड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावू देऊ नका.

आणखी एक नाजूक गोष्ट. यंत्र आले की मागणारे येतात. "पोराचं लग्न आहे, एक दिवस द्या." "आज क्रिकेटचा सामना आहे." मागणारा भाऊबंद असतो, कधी गावचा मोठा माणूस असतो. नाही म्हणणे जड जाते. गुरुजी परगावचे, ते बिचारे काय बोलणार? त्यांना एकटे पाडू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. तिने एकदाच नियम ठरवावा आणि तो सर्वांना सारखा लावावा. म्हणजे नाही म्हणणारा एक माणूस नसतो, गाव असते.

या सगळ्याला एक वही लागते. तिच्यात यंत्राची कंपनी, नमुना, अंगावरचा क्रमांक, विकत घेतल्याची तारीख, किंमत आणि हमी किती वर्षांची ते लिहा. पावतीची एक नक्कल शाळेत, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवा. पुढे दर महिन्याला जाळी कधी झाडली आणि दिवा किती तास जळला ते लिहा. एवढे करूनही चोरी झालीच, तर जागेला हात लावू नका. पोलीस पाटलांना कळवा आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. फिर्यादीत यंत्राचा क्रमांक घाला. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. क्रमांक नसेल तर सापडलेले यंत्र आपलेच हे कशाने सांगणार?

ही वही कोणी लिहावी? आम्ही म्हणतो, तुम्ही लिहावी. तुम्ही नुकतेच अक्षर शिकलात. अक्षर हे शेतासारखे आहे, कसले नाही तर पडीक पडते. इंग्रजी खुणा एका पुठ्ठ्यावर उतरवा, शेजारी मराठीत अर्थ लिहा, आणि तो पुठ्ठा यंत्राजवळ लावा. त्याखाली एवढे लिहा :

चालू होईना, तर वीज आणि प्लग बघा.
'नो सिग्नल' आले, तर केबल बघा, मग 'सोर्स' दाबा.
आपोआप बंद पडले, तर जाळी झाडा.
पंखा थांबल्याशिवाय वीज तोडू नका.
पेटी उघडू नका. भिंगात बघू नका.
नेताना सही, आणताना सही.

या सहा ओळी ज्याला वाचता येतात, तो गावाचा प्रोजेक्टर राखू शकतो. येत्या सोमवारी शाळेत जा. कपाट उघडायला सांगा. यंत्र बाहेर काढा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करा.