हा विद्यार्थी कोणत्या राज्याचा?
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो तो टक्क्यांचा. रायपूरच्या मराठी घरांत मात्र त्याहून अवघड प्रश्न पुढच्या पंधरवड्यात उभा राहतो : हा विद्यार्थी नेमका कोणत्या राज्याचा? घरात मराठी, मैदानावर छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी अशा तीन भाषांत सहज वावरणाऱ्या मुलाला स्वतःला हा प्रश्न कधी पडलेला नसतो. प्रवेशाच्या अर्जाला तो पडतो, आणि त्याच्या उत्तरावर जागाही ठरते, शुल्कही ठरते.

साठ वर्षांपूर्वी हे शहर मध्य प्रदेशात होते. वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये आणि रविशंकर विद्यापीठ १९६४ मध्ये सुरू झाले, म्हणजे तेव्हा दोन्ही अगदी नवी होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि नंतरच्या वीस वर्षांत चित्र पालटले. जुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे एनआयटी झाले. २०१० मध्ये आयआयएम, २०१२ मध्ये एम्स आणि २०१६ मध्ये भिलाईची आयआयटी आली. ज्या संस्थांसाठी पूर्वी दिल्ली-मुंबई गाठावी लागे, त्या भनपुरीहून घरचा डबा घेऊन जाता येईल इतक्या जवळ आल्या. परंतु संस्था अंगणात असणे आणि तिच्यात अंगणातल्या मुलासाठी जागा राखलेली असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एम्समध्ये किंवा आयआयटीत रायपूरकर म्हणून कोणालाही वेगळी जागा नाही. तेथे देशभराची एकच गुणवत्ता यादी चालते. एनआयटीचे तसे नाही. तेथील निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात.

येथेच अनेक मराठी कुटुंबांची गफलत होते. एनआयटीच्या दृष्टीने विद्यार्थ्याचे राज्य जन्मावरून, मातृभाषेवरून किंवा वडिलांच्या रहिवासावरून ठरत नाही. बारावीची परीक्षा ज्या राज्यातील शाळेतून तो प्रथम उत्तीर्ण झाला, ते त्याचे राज्य. दहावीनंतर चांगल्या शिकवणीसाठी मुलाला नागपूरला मावशीकडे ठेवण्याची रीत या शहरात जुनी आहे, आणि तिच्यात गैर काही नाही. पण बारावी नागपूरहून झाली की रायपूरच्या एनआयटीत तो परराज्यातला ठरतो आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत घरचा. कोट्याच्या शाळेत नाव घातले तर तो राजस्थानचा होतो. कोणाला हा बदल लाभाचाही ठरेल. मात्र तो निर्णय म्हणून घेतलेला असावा; अकरावीच्या प्रवेशाच्या घाईत नकळत झालेला नसावा. दुसरी बाजूही ध्यानात ठेवलेली बरी. दोन वर्षे नागपुरात काढल्याने महाराष्ट्राची सर्व दारे उघडतात असे नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या असण्याची, शिवाय अधिवासाची अट असते. दहावी रायपूरची आणि बारावी नागपूरची असा विद्यार्थी मग दोन्ही उंबरठ्यांच्या मधोमध उभा राहतो.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. भनपुरी-उरल्याच्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी आलेली भंडारा, गोंदिया, वर्धा या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे आज तिसऱ्या पिढीत आहेत. त्यांची समजूत अशी, की जात तीच, तर सवलतही तीच. कायद्याचे म्हणणे निराळे आहे. आंध्रातून लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याने सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जमातीच्या जागेवर हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये निर्णय दिला, की एका राज्याच्या यादीतील सवलत स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. छत्तीसगढात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून या प्रदेशात राहत असल्याचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी हीच तारीख २६ डिसेंबर १९८४ आहे. पटवारी मिसल मागतो, आणि आजोबांचे नाव तर भंडाऱ्याच्या कोतवाल बुकात! अशा कुटुंबाने राज्याच्या जागांचा हट्ट धरून वर्ष दवडू नये. मूळ राज्यातील नोंदीच्या आधारे मिळालेला दाखला केंद्रीय संस्थांच्या आरक्षणासाठी उपयोगी पडतो, आणि तो मार्ग लहान नाही : आयआयटी, एनआयटी, एम्स, बिलासपूरचे गुरु घासीदास विद्यापीठ, सारी त्यात येतात. ज्यांचे कुटुंब त्या तारखांआधी येथे आले, त्यांनी आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कारखान्याचा जुना कागद आजच शोधून ठेवावा. माळ्यावरची पत्र्याची पेटी दिवाळीच्या साफसफाईत उघडली जाते. तेव्हा ती जरा लक्ष देऊन उघडावी.

आता पैशाविषयी. गरीब मुलाने मोठ्या संस्थेचे नाव काढू नये, असा एक समज पालकांत आढळतो. तो उलटा आहे. आयआयटी व एनआयटीमध्ये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी शुल्क पूर्ण माफ होते, आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते द्यावेच लागत नाही. याच्या तुलनेत गल्लीतल्या एखाद्या खाजगी महाविद्यालयाची ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा दलालच महाग पडतो. साध्या पदवी अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे : मंडळाच्या परीक्षेत ज्यांचे स्थान ऐंशी पर्सेन्टाइलच्या वर आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, त्यांना पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर शिक्षणाला २०,००० रुपये. येथे पर्सेन्टाइल म्हणजे टक्के नव्हेत. पंचाहत्तर टक्के मिळालेली मुलगीही त्यात बसू शकते, आणि केवळ शब्दाला भिऊन अर्ज न करणाऱ्या मुली दरवर्षी असतात.

कर्जाचे नाव काढताच मराठी मध्यमवर्ग अंग चोरतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत नामांकित संस्थांतील प्रवेशासाठी तारण किंवा जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. भीती बाळगायची तर ती कर्जाची नको, हिशेब न मांडण्याची असावी. दरवर्षी दोन लाख याप्रमाणे चार वर्षांत आठ लाख उचलले, व्याज सरळ दहा टक्के धरले, आणि शिक्षणानंतरचे सवलतीचे एक वर्ष मोजले, तर पहिला हप्ता सुरू होण्याआधीच दोन लाख ऐंशी हजारांचे व्याज चढलेले असते. तेच व्याज पहिल्या वर्षापासून महिन्याला सुमारे सतराशे रुपये भरून फेडत गेल्यास डोंगर उभाच राहत नाही. पुढच्या वर्षांत ही रक्कम वाढते, हे मात्र सांगून ठेवले पाहिजे.

एक खिंड या सर्व योजनांनी तशीच ठेवली आहे. जागा मिळाल्यावर पैसे भरण्यास चार-पाच दिवस मिळतात. शिष्यवृत्ती पडताळणी होऊन खात्यात येते ती कित्येक महिन्यांनी. बँकेचे कर्जही मंजूर होईपर्यंत फेरी निघून जाते. हुशार मुलाची जागा तीस-चाळीस हजारांपायी जाते ती या खिंडीत. देणगीपेक्षा येथे हातउसन्याची गरज असते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्ज-शिष्यवृत्तीचा होता. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तेही तीन वर्षांसाठी आणि पुढे संस्थानात नोकरीच्या कराराने. पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती गरजू मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करते, पण त्याबरोबर त्यांच्याकडून कामही करून घेते. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहील अशी व्यवस्था या तिन्ही ठिकाणी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने हीरक महोत्सवाच्या निधीतून एवढीच रक्कम वेगळी ठेवावी, की जून-जुलैमध्ये चार-पाच मुलांचे प्रवेशशुल्क बिनव्याजी भरता येईल आणि शिष्यवृत्ती किंवा कर्ज येताच ते परत फिरेल.

पैसा न देऊ शकणाऱ्यांनाही काम आहे. माजी विद्यार्थ्यांत बँकेतले आहेत, तहसील कचेरीतले आहेत, च्वाइस सेंटर चालवणारेही आहेत. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आणि इतर मागासवर्गाचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय प्रवेशासाठी त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागते. गेल्या वर्षीचे चालत नाही, आणि राज्याच्या नमुन्यातलेही चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी बँक खाते आधारशी जोडलेले हवे, आणि दहावीच्या गुणपत्रिकेतले, आधारवरचे व खात्यावरचे नाव अक्षरशः एक हवे. मराठी मुलांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण वडिलांचे नाव मध्ये घालण्याची पद्धत इकडच्या नोंदींत कधी पाळली जाते, कधी नाही. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या दोन वर्गांत टेबले मांडून बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे हे कागद समोरासमोर ताडून पाहिले, तर निम्म्या अडचणी मे महिना उजाडण्यापूर्वीच सुटतील.