आकडा न लिहिलेली पावती

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. रुळाची मापं घेणारा माणूस आहे. पण सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तुम्ही लालबागचे, तर लालबागच्या आठवणी सांगा." म्हणून उभा आहे.

२००० साली डिप्लोमाच्या जोरावर मध्य रेल्वेत लागलो, जबलपूर डिव्हिजन मिळालं. २००३ साली पश्चिम मध्य रेल्वे वेगळी झाली आणि मी इथलाच होऊन गेलो. तरी अजून कुणाला लालबागचा म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "राजाचं दर्शन लाइन न लावता होईल का?" नाही होणार. आम्हीही लाइनच लावायचो!

पण राजाची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९३२ साली पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला. उघड्यावर बसायची वेळ आलेल्या कोळ्यांनी आणि किरकोळ विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. म्हणजे तो नवस पोटापाण्याचा होता. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

माझा जन्म १९७८ चा. आमची खोली दहा बाय बाराची, दुसऱ्या मजल्यावर. पुढे सामायिक गॅलरी, टोकाला नळ, संडासाला रांग. माणसं सहा. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, संगमेश्वर तालुक्यातून आलेले, गिरणीत साचेखात्यात. शेजारी गावकऱ्यांची खोली होती. एकाच गावचे वीसेक बाप्ये, भिंतीला त्यांच्या ट्रंकांची चळत आणि खुंट्यांवर सदरे. सगळे एकदम खोलीत मावायचे नाहीत, पण तशी वेळच यायची नाही. पहिली पाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक उठून कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा येऊन पडायचा. जेवण खानावळवाल्या मावशीकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. आज लोक म्हणतात, चाळीत काय प्रेम होतं! प्रेम होतंच. पण ते भोंग्याच्या वेळापत्रकावर बसवलेलं होतं. रातपाळीवाला झोपला असेल तर पोरांना गॅलरीत ओरडायची बंदी, हे संस्कार नव्हते, ती गरज होती. पुढे तिचेच संस्कार झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. तेव्हा मी चार वर्षांचा. मला संप आठवत नाही, संपानंतरचं घर आठवतं. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीरच केलं नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, अण्णांची गिरणीही झाली, पण अण्णांना परत घेतलं नाही. काही वर्षांनी ती कायमचीच बंद पडली. गावकऱ्यांच्या खोलीतल्या ट्रंका एकेक करून कमी झाल्या. खानावळवाल्या मावशींची उधारी कुणाकुणाकडे तशीच राहिली. आई पापड लाटायला घेऊ लागली.

आणि तरीही चाळीचा गणपती एकही वर्ष चुकला नाही. तो कसा बसायचा, हे मला आज सांगायचं आहे.

आमचे खजिनदार तळमजल्यावरचे मास्तर. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षक, म्हणजे ज्यांचा पगार चालू होता अशा मोजक्यांतले. ते दारोदार पावतीपुस्तक आणि वर चीर पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन यायचे. पावतीवर नाव लिहायचे, खोली नंबर लिहायचे, रकमेची जागा कोरी सोडायचे आणि पावती फाडून हातात द्यायचे. "पोचली," एवढंच म्हणायचे. मग ज्याला जे जमेल ते त्याने डब्यात टाकायचं. फळ्यावर सगळ्या खोल्यांची नावं लागायची, नंबराप्रमाणे. कुणाच्याही पुढे आकडा नाही.

मी दहा वर्षांचा असताना आईच्या शेजारी उभा होतो. आईने मूठ डब्यावर नेली, उघडली आणि मागे घेतली. डब्याचा आवाज झाला नाही. मास्तर तेव्हा पावतीपुस्तकात बघत होते. दर वर्षी, दर दाराशी ते त्या क्षणी पावतीपुस्तकातच बघायचे. त्या वर्षी आरतीला आई पहिल्या रांगेत होती.

पुढे वस्ती बदलत गेली. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट उघडली. फिनिक्स मिलच्या आवारात दुकानं आणि हॉटेलं आली. गॅलरीतून चिमण्या दिसायच्या, तिथे काचेच्या इमारती दिसू लागल्या. २०११ साली लालबागचा उड्डाणपूल झाला आणि लोक आमच्या डोक्यावरून जाऊ लागले. आमची चाळ अजून टेकूवर उभी आहे आणि आई तिथेच राहते.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरातही कधी बोललो नाही.

१९९६ साली मी डिप्लोमाला होतो. वडील काय करतात असं मित्रांनी विचारलं की मी सांगायचो, "टेक्सटाइलमध्ये आहेत." एका संध्याकाळी आम्ही माटुंग्याला गाडीत चढलो. दादरला एक फेरीवाला डब्यात आला. खांद्याला पिशवी, हातावर नॅपकिन आणि रुमालांची चळत. "दहाला तीन, दहाला तीन." ते अण्णा होते. अण्णा हे करतात याची मला कल्पना होती, पण पाहिलं पहिल्यांदाच. त्यांनी मला पाहिलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

अण्णा बोलायचे थांबले. हातावरचे रुमाल त्यांनी नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि इतर प्रवाशांसारखे दाराशी उभे राहिले. परळ आलं, उतरले, शेजारच्या डब्यात चढले. एकही रुमाल विकला नाही. रात्री जेवताना एवढंच विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

अण्णा २००९ साली गेले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांचे आणि त्यांच्या वारसांचे अर्ज मागवले, तेव्हा कागद शोधायला मी त्यांची ट्रंक उघडली. गिरणीचा लाल पास मिळाला. त्याच्याखाली तीन दंडाच्या पावत्या होत्या, गाडीत विनापरवाना माल विकल्याबद्दलच्या. रेल्वे कायदा, कलम १४४. त्या पावत्यांवर मात्र आकडे स्पष्ट होते. त्या पैशात माझी एका सहामाहीची पुस्तकं आली असती. ज्या रेल्वेने मला घर दिलं, मान दिला, तिच्याच कायद्याप्रमाणे माझे वडील गुन्हेगार होते. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, मी रेल्वेचा नोकर आहे. पण गाडीत फेरीवाला आला की मी आता खिडकीकडे बघत नाही. घराचा अर्ज केला आहे, अजून नंबर लागलेला नाही.

मित्रहो, सेक्रेटरी साहेबांना बहुधा मसाल्याच्या गल्लीचा वास आणि भारतमाता टॉकीजची तिकिटं अपेक्षित होती. तेही सगळं आठवतं. पण इतकी वर्षं इथे राहून मला लालबागची सगळ्यात जास्त आठवण येते ती मास्तरांच्या खाली घातलेल्या मानेची. समोरच्याची मूठ रिकामी असताना आपण कुठे बघायचं, हे त्या माणसाला कळत होतं. अण्णांनाही कळत होतं. मला शिकायला वेळ लागला.

म्हणून मंडळाला एक विनंती. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची यादी असते, मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत. जाहिराती जरूर छापाव्यात, त्यांच्यावर छपाईचा खर्च निघतो. पण गेल्या वर्षी यार्डात कंत्राटावर काम करणाऱ्या, वऱ्हाडातून आलेल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, एकावन्नची पावती चालते का?" मी चालते म्हणालो. यादीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी आलं. महाप्रसादाला तो आला नाही.

पुढच्या वर्षीपासून ही यादी अकारविल्हे छापावी, आकड्यांशिवाय. हिशेब खजिनदारांच्या वहीत राहील, तो कुणी विचारला तर दाखवावा. आणि ज्याच्याकडून काहीच आलं नाही, त्याचंही नाव त्यात असावं. कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढं मागून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!