डिकी उघडेना तेव्हा

आमच्या बचत गटाकडून बोलायचं म्हटलं की पापड, मसाले, कर्जाचे हप्ते हेच तुम्हाला अपेक्षित असतं. आज मात्र आम्ही गाडीच्या डिकीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या डिकीपायी आमचा गट फुटायची वेळ आली होती.

आमच्या गटांनी मिळून एक जुनी स्टेशन वॅगन घेतली आहे. स्टेशन वॅगन म्हणजे साधी कारच, पण छत पार मागपर्यंत गेलेलं आणि मागचा दरवाजा वर उचलून उघडायचा. मागची सीट पाडली की पापडाचे खोके, मसाल्याचे डबे, दुकानाचा पडदा, सगळं एका खेपेत जातं. टेम्पोचं भाडं वाचतं. गाडी चालवायला आमच्यातली एक वहिनी गेल्या वर्षी शिकली. लायसन्स काढलं, आणि तिच्या जिवावर आम्ही जिल्ह्याच्या प्रदर्शनापर्यंत जायला लागलो.

तर जानेवारीतली सकाळ. प्रदर्शनाला निघायचं होतं. माल रात्रीच भरून ठेवला होता, फक्त दोन खोके राहिले होते. ते ठेवायला गेलो तर डिकी उघडेना. किल्ली फिरवली, मूठ ओढली, दोघींनी मिळून ओढली. दरवाजा ढिम्म.

मग काय झालं असेल? सगळ्यांची तोंडं वहिनीकडे वळली. ‘‘काल तूच आपटलीस गं दरवाजा.’’ ‘‘एवढा जोर लावतात का?’’ एकीने तर ‘‘बायकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं’’ असंही म्हटलं, आणि म्हणणारीही बाईच. वहिनी काही बोलली नाही. किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘उद्यापासून दुसरी बघा.’’ तेवढ्यात एकीचे मालक पहार घेऊन आले. गॅरेजला फोन केला तर माणूस दुपारनंतर येणार, आणि लॉक कापावं लागलं तर तीन हजारांच्या पुढे खर्च.

पहार नको म्हणाल्या त्या आमच्या शिलाईवाल्या मावशी. मशीन अडली की त्या आधी कान लावतात, मग हात. त्यांनी विचारलं, ‘‘बटण दाबल्यावर मागून आवाज येतो का?’’ आम्ही बटण दाबलं. मागे बारीकसा ‘कट्’ आवाज आला. म्हणजे वीज तिथपर्यंत जात होती, अडलं होतं ते लोखंडात. आवाजच आला नसता, तर फ्यूज बघावा लागला असता. नाहीतर वर बिजागरीपाशी रबरी नळीतून ज्या वायरी जातात त्या. दरवाजा दर वेळी वर-खाली होतो तशा त्या वाकतात आणि जुन्या गाडीत आतल्या आत तुटतात. ते काम मात्र इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं.

दुसरी गोष्ट मावशींनीच दाखवली. रात्री आम्ही खोके इतके ठासून भरले होते, की ते आतून दरवाजाला रेटत होते. तसा दाब असला की आकडा लॉकमध्ये घट्ट आवळला जातो. मग बाजूच्या दारांनी खोके बाहेर काढले. माल मुळी अडकलेलाच नव्हता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं! अर्धा तास आरडाओरडा केला, आणि बाजूची दारं उघडीच होती.

आता एकीने तळव्यांनी दरवाजा आत दाबून धरायचा आणि दुसरीने मूठ ओढायची. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. आमचं झालं नाही. मग गटातली सर्वांत बारकी मुलगी टॉर्च घेऊन आत शिरली. दरवाजाला आतून प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्याचे स्क्रू काढले, खुंट्या हळूच उचकटल्या. आत बघते तर मुठीचा दांडा हलत होता, पण लॉकची जीभ काळ्या चिकट राड्यात रुतून बसली होती. स्क्रू ड्रायव्हरने तिने जीभ बाजूला सारली आणि खटकन् डिकी सुटली.

तो राडा कशाचा होता माहीत आहे? दिवाळीच्या सुमारास डिकी कुरकुरत होती, तेव्हा आम्हीच तिच्यात खोबरेल तेल सोडलं होतं. घरात हाताशी तेच होतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, हे आपल्या बाटलीत दर थंडीत दिसतं, पण लॉकमध्येही तसंच होणार हे डोक्यात आलं नाही. त्यात खोक्यांमधून उडालेली मिरचीपूड आणि रस्त्याची धूळ मिसळली. दरवाजा नीट लागत नव्हता, म्हणून वहिनीला आपटावा लागत होता. तिने आपटला म्हणून बिघडलं नव्हतं, बिघडलं होतं म्हणून ती आपटत होती.

मग जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेलने लॉक स्वच्छ केलं. रॉकेल रंगाला आणि रबराला लागू दिलं नाही, आणि काम होईस्तोवर कोणाला काडी ओढू दिली नाही. कोरडं पुसून पांढरं ग्रीस बोटभर लावलं. आता यातलं मुख्य ऐका, कारण इथे चूक झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. डिकी लगेच बंद करायची नाही. ती उघडी असतानाच लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत दाबायची, म्हणजे आकड्याचं काम स्क्रू ड्रायव्हर करतो. ती पुरती बसेस्तोवर दाबायची, मग मूठ ओढायची. जीभ मोकळी सुटली पाहिजे. आम्ही हे तीन-चारदा केलं आणि मगच दरवाजा लावला.

जुन्या गाडीत आणखी एक धोका असतो. दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे असतात, ते थकले की डिकी वर टिकत नाही, डोक्यावर येते. खाली काम करताना मजबूत काठीचा टेकू द्याच. ते दांडे उघडायला जाऊ नका, आत दाबाखालचा गॅस असतो. आणि पहार तर नकोच. पत्रा एकदा वाकला की डिकीत पावसाचं पाणी येतं आणि पापड हातचे जातात.

प्रदर्शनाला दीड तास उशिरा पोचलो. गाडी वहिनीनेच चालवली, पण येता-जाता ती कोणाशी बोलली नाही. आम्हीही विषय काढला नाही, हे आमचं चुकलंच. पुढच्या बैठकीत मावशींनी तो काढला. दरवाजा वहिनीमुळे बिघडला नव्हता, तेल आम्ही घातलं होतं, आणि तिला बोललो त्याची गट माफी मागतो, असं इतिवृत्तात लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. ‘बायकांच्या हातात गाडी’ म्हणणारीने सही सर्वांत शेवटी केली, पण केली. ती आता रविवारी वहिनीकडे गाडी शिकायला जाते.