आपत्काळातील बिनतारी केंद्राची बांधाबांध



२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर आदळल्या. त्या दिवशी भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी बिनतारी संचांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होते. ते आले होते निराळ्याच हेतूने. या बेटांवरून हौशी प्रक्षेपण करण्याची परवानगी अनेक वर्षांनी मिळाली होती आणि जगभरच्या छंदिष्टांशी बोलणे एवढाच त्यांचा बेत होता. नेहमीचे दळणवळण कोलमडले तेव्हा तेच संच मुख्य भूमीशी जोडणारा दुवा ठरले. पुढे पथकातील काही जण कार निकोबारलाही गेले.

संच आधीच तेथे असणे हा योगायोग होता. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवकांना सामान उचलून भूजकडे जावे लागले. सामान्यतः असेच घडते. म्हणून प्रश्न असा उरतो की, जे सामान खांद्यावर वाहून न्यायचे त्यात काय असावे?

नवखा मनुष्य प्रथम संच उचलतो. अनुभवी मनुष्य प्रथम विजेचा हिशेब मांडतो. शंभर वॅट शक्तीचा सर्वसाधारण संच नुसता ऐकत असताना सुमारे एक अँपिअर आणि बोलत असताना वीस अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. तासाभरात सहा मिनिटे बोलणे झाले, तरी जवळजवळ तीन अँपिअर-तास खर्ची पडतात. शिसे-आम्लाची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे चाळीस अँपिअर-तासांच्या जड बॅटरीतून व्यवहारात सात तासच काम होते. शिवाय ती उचलताना माणसाची कंबर वाकते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीने हे ओझे पुष्कळ हलके केले आहे. पण ती महाग असते, आणि तिचा भारक वेगळा लागतो, हे ऐन वेळी लक्षात येऊन उपयोग नाही.

यावर एक उपाय असा आहे की, त्यासाठी पिशवीत काहीच घालावे लागत नाही. प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॅटवरून पंचवीसवर आणली, तर दूरच्या ग्राहकावरील मापकाचा काटा केवळ एका अंशाने खाली येतो. बोलणाऱ्याला मात्र आपला आवाज क्षीण झाल्यासारखा वाटतो आणि तो पुन्हा बटण फिरवतो. हा मोह आवरणे हीदेखील तयारीच म्हणावी लागेल.

अँटेनाच्या बाबतीत उलट आहे. येथे साधी तारच उत्तम. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी प्रत्येकी सुमारे दहा मीटर लांबीच्या दोन भुजा पुरतात. दोराला दगड बांधून तो झाडाच्या फांदीवरून टाकावा आणि तार वर ओढावी. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा विद्युत्‌रोधकाचे काम करतो. तार जमिनीपासून चार-पाच मीटरच उंच राहिली म्हणून खंत करू नये. अशा तारेतून निघालेल्या लहरी बव्हंशी सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. मध्ये डोंगर असला तरी त्यांना अडथळा होत नाही. जिल्ह्याचे गाव आणि राज्याची राजधानी यांच्यातील अंतर बहुधा एवढेच असते. रात्री मात्र हा पट्टा जवळच्या अंतराला दगा देतो आणि साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास उतरावे लागते. त्यासाठी प्रत्येक भुजेला जोडण्याजोगे आणखी दहा-दहा मीटरचे तुकडे गुंडाळून ठेवावेत. ज्यांनी ते घरी ठेवले, त्यांचे केंद्र सूर्यास्तानंतर मुके झाले तर नवल नाही.

गावातल्या गावात, म्हणजे रुग्णालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यामध्ये, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारे हातातले छोटे संच पुरतात. त्यांच्याकरिता साध्या सेलांचा डबा असावा, कारण किराणा दुकानात सेल मिळतात, भारक चालवायला वीज मिळत नाही.

आणि तरीही केंद्र बंद पडते ते बहुधा यांपैकी कशानेच नव्हे. बंद पडते ते फ्यूजने किंवा न जुळणाऱ्या जोडणीने. केबलच्या टोकाला पीएल-२५९ आणि अँटेनाला दुसराच खोबणीचा प्रकार! ओंजळभर वजनाची अनुयोजके, चार फ्यूज, रोधकपट्टी, चाकू व कपाळाला बांधायचा दिवा एका डब्यात एकत्र असावीत. घराच्या अंगणात एका अमावास्येला, दिवे मालवून, सारे केंद्र उभे करून पाहावे. काय विसरले ते तेथे अर्ध्या तासात कळते.

आता कागदाकडे वळू. हा विषय तंत्रज्ञांना नीरस वाटतो. वस्तुतः सारी खटपट त्यासाठीच असते. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी भूकंप, पूर, वादळ अशा प्रसंगी नेहमीची साधने बंद पडल्यास त्रयस्थांचे संदेश वाहण्यास मुभा दिली होती. मात्र ते जिल्हाधिकाऱ्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याकडून निघालेले आणि तशाच अधिकाऱ्याकडे जाणारे असावेत, अशी अट होती. म्हणून परवान्याची प्रत आणि संदेशाचे कोरे छापील नमुने प्लॅस्टिकच्या वेष्टनात असावेत. लिहिण्यास पेन्सिल घ्यावी; ओल्या कागदावर शाई फुटते. संदेशावरील वेळ भारतीय की जागतिक, हे प्रत्येक वेळी लिहावे. साडेपाच तासांच्या फरकाने कालची मागणी आजची ठरते, आणि औषधाच्या नावातील एक अक्षर चुकले तर भलतीच पेटी येऊन पडते. अनेकदा दुसऱ्या टोकाला कुणीतरी एकाच नावाची वाट पाहत असते. ते नाव अक्षर-अक्षर सुटे करून, परत वाचून घेऊनच लिहावे.

स्वयंसेवकाने स्वतःचे तीन दिवसांचे पाणी, अन्न व नित्याची औषधे बरोबर घ्यावीत. आपद्ग्रस्तांच्या पंक्तीला बसण्याची वेळ आणू नये.

पिशवीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सामानाची यादी चिकटवावी आणि त्याखाली बॅटरी शेवटची केव्हा भारली ती तारीख लिहावी. तारखेला दोन महिने उलटले असतील, तर ती बॅटरी आज रात्रीच भारावी.