वीज वाहणारी शाई



घरात कुणाला मधुमेह असेल, तर रक्तातली साखर तपासायची पट्टी तुमच्या ओळखीची असेल. एखादी वापरलेली पट्टी उजेडात धरून पाहा. तिच्यावर बारीक रेघा दिसतील. त्या तारा नव्हेत; बऱ्याच पट्ट्यांवर ती चक्क छपाई असते.

लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात ना, तशीच. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, रबराची पट्टी एकदा ओढली की खाली अक्षरं उमटली. इथे कागदाऐवजी प्लॅस्टिक असतं आणि शाईत रंगाऐवजी कार्बनची किंवा चांदीची पूड. शाई वाळली की कणाला कण भिडतो आणि रेघेतून वीज वाहते.

पट्टीच्या टोकाशी एक एन्झाइम सुकवून ठेवलेलं असतं. वात तेल ओढते तसा पट्टी रक्ताचा थेंब आत ओढते. एन्झाइम साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेतं, दुसरं एक रसायन ते रेघेपर्यंत पोचवतं. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. मीटर तो मोजून काही सेकंदांत आकडा दाखवतं.

एन्झाइमनं साखर मोजायची वाट अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये दाखवली. इलेक्ट्रॉन पोचवण्यासाठी फेरोसीन नावाचं रसायन वापरायची युक्ती इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडली. १९८७ मध्ये पेनाएवढं मीटर बाजारात आलं. धंद्याचं गणित तिथेच जमलं: मीटर एकदा घ्यायचं, पट्ट्या मात्र पुन्हा पुन्हा. एकदा वापरून टाकायची वस्तू स्वस्तात आणि ढिगानं काढणं छपाईला जमतं.

अशा छापील रेघा इतर ठिकाणीही असतात. गाडीच्या सीटवर जड पिशवी ठेवली, तरी कधी कधी पट्टा लावायची घंटी वाजते. अनेक गाड्यांच्या गादीखाली छापील रेघांच्या दोन लवचिक फिल्म समोरासमोर असतात. वजन पडलं की त्या टेकतात. माणूस की बटाटे, हे त्यांना कळत नाही. मायक्रोवेव्हची सपाट बटणंही बहुधा अशीच चालतात.

छपाईनं सगळंच होत नाही. मीटरमधला हिशेब अजून सिलिकॉनची चिपच करते. आणि पट्टीवरची शाई टिकाऊ असली, तरी एन्झाइमला दमट हवा सोसत नाही. म्हणून पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, पावसाळ्यात तर नक्कीच.