भाड्याचें घर आणि घामाचा पैसा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजचा विषय डोक्यावरच्या छपराचा आहे. आपलीं पोरें शिक्षणासाठीं आणि आपले सुतार, लोहार, शिंपी, गवंडी धंद्यासाठीं तालुक्याला व शहराला जातात आणि भाड्याच्या खोलींत राहतात. पावसाळ्यांत पत्रा गळतो, भिंतीला ओल येते. मालकाला सांगावें तर तो म्हणतो, "परवडत नसेल तर खोली सोडा." मग भाडेकरू आपल्याच खिशांतून पत्रे घालतो, फरशी बसवितो, मोरी बांधतो. पुढें मालक त्याला बाहेर काढतो आणि त्याच फरशीच्या जोरावर दुसऱ्याकडून चढें भाडें घेतो. घाम एकाचा आणि दाम दुसऱ्याचा, हा व्यवहार आपण मुकाट्यानें कां सोसावा?

ह्यांत दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. मोडलेलें नीट करणें ही दुरुस्ती; नव्हतें तें नवें करणें ही सुधारणा. कायदा दोहोंना एका मापानें मोजीत नाहीं.

आधीं दुरुस्ती घेऊं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्याचें कलम १४ सांगतें कीं, भाडेकरूनें उलट करार केला नसेल, तर घर राहण्याजोगें ठेवणें हें मालकावर बंधनकारक आहे. मालक हलत नसेल तर त्याला निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. एकट्यानें द्यावी, किंवा वाड्यांतल्या सर्व भाडेकरूंनीं मिळून द्यावी. त्यानंतरहि योग्य मुदतींत काम झालें नाहीं, तर भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यांतून वळता करून घ्यावा.

पण इथें एक मर्यादा आहे, ती गांठीं बांधा. एका वर्षांत कापण्याची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असतां कामा नये. समजा, भाडें महिना २,००० रुपये. वर्षाचे झाले २४,०००. म्हणजे त्या वर्षीं फार तर ६,००० कापतां येतात. कोणी रागाच्या भरांत सगळेंच भाडें थांबविलें, तर तोच थकबाकीदार ठरतो आणि खोली घालवून बसतो. आणखी असें कीं, खर्चाचा जो हिशेब पावत्यांसह भाडेकरूनें ठेवला असेल, तो मालकावर बंधनकारक होतो. तेव्हां गवंड्याची मजुरी असो कीं खिळ्यांची पुडी, पावती घ्या आणि वहींत तारीख घाला.

आतां सुधारणा. इथें आपले लोक फसतात. मालकाच्या लेखी संमतीवांचून पक्कें बांधकाम केलें, तर भरपाई राहिली दूर, कलम १६ प्रमाणें घर खालीं करून मागण्याचें तेंच कारण होतें. मात्र लाकडी आडभिंत, सैंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठीं खिडकी, धुराडें हीं कामें त्या कलमांत पक्कें बांधकाम धरलेलीं नाहींत. त्यांना मालकाची परवानगी लागत नाहीं. जरूर तेथें नगरपालिकेची मात्र घ्यावी.

पण ह्या सुधारणांचे पैसे परत मिळतात काय? शेताच्या कुळाला १९४८ च्या कूळकायद्यानें, कलम ४१ प्रमाणें, जमीन सुटतांना केलेल्या सुधारणेची भरपाई मागतां येते. खोलीच्या भाडेकरूसाठीं भाडे कायद्यांत तसें कलम नाहीं. म्हणून पैसा घालण्याआधीं मालकाकडून लिहून घ्यावें: काम कोणतें, खर्च किती, आणि सोडतांना किती परत. तोंडच्या गोडीवर पांच पैसेहि घालूं नयेत. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा एवढें देतो कीं, उलट करार नसेल तर आपण बसविलेली वस्तु जागा ताब्यांत असेपर्यंत काढून नेतां येते. मात्र जागा होती तशी करून द्यावी लागते.

गांवांत राहणाऱ्यांनींहि ऐकावें. ज्यांचे आजेपणजे जमीनदाराच्या जागेंत स्वतःच्या खर्चानें घर बांधून राहिले, त्यांना उठविणें सोपें नाहीं. घर कुळाच्या खर्चानें बांधलें नाहीं हें त्याच कूळकायद्याच्या कलम १६ प्रमाणें जमीनदारानें सिद्ध करावें लागतें. जागा विकावयाची झाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. आणि कलम १८ नें हें संरक्षण शेतमजूर व कारागीर ह्यांनाहि दिलें आहे. विदर्भ व मराठवाडा ह्यांचे कूळकायदे वेगळे आहेत. तिकडच्या पाहुण्यांनीं ते पाहावे.

आतां एक सावधगिरी. शहरांत हल्लीं अकरा महिन्यांचा "लीव्ह अँड लायसन्स" कागद पुढें करतात. तो केला कीं तुम्ही भाडेकरू नसून केवळ परवानगीनें राहणारे ठरतां, आणि कलम १४ चा आधार भाडेकरूला आहे. तेव्हां दुरुस्ती कोणी करावयाची, हें त्या कागदांतच सहीपूर्वीं लिहवून घ्या. कागद नोंदविण्याची जबाबदारी कलम ५५ नें मालकावर टाकली आहे. भाड्याची लेखी पावती देणें हेंहि त्याचें कर्तव्यच आहे. ती मागतांना लाजूं नका.

भाडे कायदा सर्वच गांवांना लागू नाहीं. आपलें ठिकाण त्यांत येतें कीं नाहीं, हें आधीं विचारावें. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते. तेथें स्त्रियांना आणि अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालतां फुकट वकील मिळतो. इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळतो.

बंधुभगिनींनो, मालकाशीं भांडण करा असें मी म्हणत नाहीं. चांगला मालक नोटिशीला भीत नाहीं आणि पावती द्यायला कचरत नाहीं. पण ज्याच्याजवळ कागद नाहीं, त्याचा खरा हक्कहि कोर्टांत मुका होतो. आपल्या घरांत वाचतां येणारें एखादें पोर आतां आहेच. त्याच्या हातीं एक वही द्या. भाड्याची पावती, नोटिशीची नक्कल, कामाचा खर्च सगळें तींत राहूं द्या. विटेवर वीट रचण्याइतकेंच तेंहि घर बांधण्याचें काम आहे.