घर, पाणी आणि नाका

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून माहुल नावाचे जुने कोळ्यांचे गाव आहे. तेलशुद्धीचे कारखाने अगदी त्याच्या अंगाशी. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या २०१७ साली पाडण्यात आल्या, तेव्हा तेथील पुष्कळ कुटुंबांना माहुलच्या नव्या इमारतींत आणून ठेवले. येथील हवेविषयी बरेच लिहिले गेले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तर २०१५ सालीच या भागातील रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले होते. परंतु हवेइतकीच दुसरीही एक गोष्ट गेली. विद्याविहार-घाटकोपरकडे जी बाई पायी जाऊन चार घरची धुणीभांडी करीत असे, तिला आता बसचे भाडे पडू लागले, आणि वेळेवर न पोचणाऱ्या मोलकरणीची जागा कोणी राखून ठेवीत नाही. घर मिळाले आणि काम सुटले.

घर आणि रोजगार यांचे हे नाते ध्यानात ठेवूनच मला एका संशोधनाविषयी बोलायचे आहे. माहुलच्या स्त्रियांविषयी त्यातून काही सुचवावे, असा माझा मुळीच हेतू नाही, हे आरंभीच सांगतो.

स्वाती शाह या मानववंशशास्त्राच्या क्षेत्रातील अभ्यासकांचा ‘स्ट्रीट कॉर्नर सीक्रेट्स’ हा ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाला. देहविक्रय, मजुरी आणि स्थलांतर हा त्याचा विषय. त्यासाठी शाह यांनी मुंबईतील तीन ठिकाणे निवडली: कामाठीपुऱ्यातील कुंटणखाने, उपनगरी रेल्वेस्थानकाजवळचा रस्ता, आणि मजुरांचा नाका. पहिली दोन कोणालाही सुचली असती. तिसऱ्यामुळे मात्र सगळा प्रश्नच फिरतो.

नाका आपण सर्वांनी पाहिला आहे. सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी घोळक्याने उभे असतात. मुकादम येतो, बोटाने माणसे निवडतो, रोज ठरतो. मराठवाड्यासारख्या दुष्काळी मुलखातून आलेली भूमिहीन माणसे त्यांत पुष्कळ. बाईला रोज कमी, आणि कामाचे दिवसही कमी. ऊन चढते, नाका ओसरतो, आणि काही जणी तशाच उभ्या राहतात. त्यांपैकी एखादी एखाद्या दिवशी दुसऱ्या प्रकारचा पैसा घेते. हे नाक्यावर सर्वांना ठाऊक असते आणि कोणीही बोलत नाही. ग्रंथाच्या नावातील ‘गुपित’ ते हेच. सोमवारी विटा वाहणारी आणि गुरुवारी हा पैसा घेणारी बाई एकच. आपण मात्र तिच्या दोन बाया करतो: एक कष्टाळू, दुसरी पतित.

‘ही या मार्गाला लागली कशी?’ हा प्रश्न मीही पुष्कळ दिवस विचारीत असे. त्यात असे गृहीत असते, की कोठेतरी एक दार आहे आणि ते एकदाच ओलांडले जाते. नाक्याला दारच नसते. फसवून वा बळजबरीने आणलेल्या मुलींचे दुःख खरेच आहे, आणि तेथे पोलिसांचे काम आहेच. पण त्या एका कथेत नाक्यावरची बाई बसत नाही. तिचा हिशेब वेगळा आहे. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही. नळ नाही, म्हणून पाणी विकत. आणि पाण्याची खेप लांबली की नाका हुकतो. शाह यांचे लक्ष वारंवार या पाण्याकडे आणि जागेकडे जाते, ते मला फार महत्त्वाचे वाटते.

पुण्याच्या रोहिणी साहनी व व्ही. कल्याण शंकर यांनी २०११ साली १४ राज्यांतील सुमारे ३,००० स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले, तेही याला पूरकच आहेत. या व्यवसायात येण्यापूर्वी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशी कामे केलेल्या स्त्रिया त्यांना मोठ्या संख्येने आढळल्या. आणि खुद्द कामाठीपुरा? ज्या नावाचा उच्चारही सभ्य घरांत टाळला जातो, ते नाव निजामाच्या मुलखातून येऊन ही मुंबई बांधणाऱ्या कामाठी मजुरांचे आहे!

१९५६ च्या कायद्याने देहविक्रय हा स्वतःच गुन्हा ठरत नाही. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे मात्र ठरतो. म्हणजे जिला खोली नाही, तिच्यावरच त्याचा हात आधी पडणार. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी, या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, असे निर्देश दिले. ते योग्यच झाले. पण पोलीस शिपाई नीट वागला, तरी त्या दिवसाचा रोज बुडालेलाच असतो.

या दृष्टीने माहुलच्या प्रकरणातील एक आकडा मला मोलाचा वाटतो. उच्च न्यायालयाने २०१९ साली, माहुलला राहू न इच्छिणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असे सांगितले. खटला प्रदूषणाचा होता, आणि रक्कम घरभाड्याची. पण तेवढ्या पैशात जुन्या कामाच्या जवळपास खोली मिळाली, तर त्या बाईला सकाळी पुन्हा पायी कामावर जाता येते.